गटाची नाडी ओळखणारा मानसशास्त्रज्ञ

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली, तेव्हा गणपती विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. त्यानंतरचे मदतकार्य आणि नव्या वसाहती यांची कहाणी महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिचा एक भाग मात्र फारसा सांगितला जात नाही.

सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे दुसऱ्या जागी वसवली गेली. पण त्यांच्या पलीकडे, अनेक जिल्ह्यांत मिळून सुमारे दोन लाख घरे अशी होती की ती पडली नव्हती, पण त्यांना तडे गेले होते. ती जागेवरच दुरुस्त करून मजबूत करायची होती. पैसा सरकार देणार होते, तांत्रिक सल्ला अभियंते देणार होते आणि काम घरमालकाने करून घ्यायचे होते. तंत्रही अवघड नव्हते. माळवदावरची माती कमी करायची, भिंतीच्या दोन्ही पदरांना धरून ठेवणारे आरपार दगड बसवायचे, चारही भिंतींना बांधणारा पट्टा घालायचा.

तरीही सुरुवातीला काम पुढे सरकेना. माहिती, निधी, नकाशे सगळे होते, पण गावांतून प्रतिसाद नव्हता. ज्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या आसरा दिला, त्याच भिंतींच्या आत झोपायला लोक घाबरत होते. दगडी घर मजबूत होऊ शकते, हे कागदावर पटत असले तरी मनाला पटत नव्हते. पुढे या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेची मदत घेण्यात आली. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका संवाद सहाय्यक म्हणून पुढे आल्या. घरोघरी जाणे, गावबैठक बसवणे, हप्ता कोणाचा आला आणि कोणाचा अडला हे पाहणे, अभियंत्याचे म्हणणे गावाला आणि गावाचे म्हणणे अभियंत्याला सांगणे, हे त्यांचे काम. नियम तेच होते आणि पैसेही तेच. पण गावे एकत्र बसून ठरवू लागली आणि कामाला गती आली.

माहिती पोहोचणे आणि प्रतिसाद मिळणे या दोन गोष्टींत एवढे अंतर का असते? हा प्रश्न भूकंपग्रस्त गावापुरता नाही. तो रुग्णालयाच्या वॉर्डात आहे, बँकेच्या शाखेत आहे, कारखान्याच्या पाळीत आहे आणि चाळीस जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेल्या, सर्वांनी वाचलेल्या आणि कोणीच उत्तर न दिलेल्या निरोपातही आहे. किल्लारीच्या भूकंपाआधी पन्नास वर्षे या प्रश्नाला प्रयोगाची शिस्त लावणारे शास्त्रज्ञ म्हणजे कुर्ट लेविन.

दुकानावरचे घर

लेविन यांचा जन्म ९ सप्टेंबर १८९० रोजी मोगिल्नो या छोट्या गावी झाला. हे गाव तेव्हा जर्मन साम्राज्यातील प्रशियात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. वडिलांचे गावात किराणा-जिनसांचे दुकान होते, वरच्या मजल्यावर घर आणि गावाबाहेर थोडी शेती. चार भावंडांत कुर्ट दुसरे. घर ज्यू होते, त्यामुळे काही दरवाजे आपल्यासाठी बंद असतात, हे त्यांना लहानपणीच कळले. सैन्यात अधिकारी होणे, सरकारी पदावर बसणे हे ज्यू माणसाला तेव्हा जवळजवळ अशक्य होते. माणसाचा गट कोणता, यावर त्याच्याशी कोण कसे बोलेल हे ठरते, हा धडा त्यांना कोणत्याही पुस्तकाआधी मिळाला.

१९०५ मध्ये कुटुंब बर्लिनला आले. कुर्ट आधी वैद्यकशास्त्र शिकायला फ्रायबुर्गला गेले, पण शरीररचनेचा अभ्यास त्यांना रुचला नाही. म्युनिकमध्ये त्यांनी जीवशास्त्राकडे मोर्चा वळवला आणि शेवटी बर्लिनमध्ये तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्रात ते रमले. डॉक्टरेटचे काम पूर्ण होत आले तोच १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. ते साधे सैनिक म्हणून भरती झाले, बढती मिळवत लेफ्टनंट झाले आणि जखमीही झाले. धाकटा भाऊ फ्रित्झ युद्धात मारला गेला.

युद्ध चालू असतानाच, १९१७ मध्ये, त्यांनी युद्धभूमीच्या दृश्यावर एक लेख लिहिला. शांततेच्या काळात माणसाला शेत, झाड, घर दिसते. सैनिक आघाडीजवळ जाऊ लागला की तेच शेत धोक्याचा उघडा पट्टा होते, तोच खड्डा आडोसा होतो आणि तेच घर सरपण होते. जमीन बदललेली नसते, माणसाच्या गरजा आणि भीती बदललेल्या असतात. माणूस जगाला नव्हे, तर त्या क्षणी त्याला दिसणाऱ्या जगाला प्रतिसाद देतो. लेविन यांच्या पुढच्या सगळ्या विचाराचे बीज या लेखात आहे. पुढे त्यांनी याला क्षेत्र सिद्धांताचे रूप दिले. एखाद्याचे वागणे समजून घ्यायचे तर केवळ त्याचा स्वभाव पाहून भागत नाही. तो माणूस आणि त्याच्याभोवतीची परिस्थिती यांचा एकत्र विचार करावा लागतो. किल्लारी परिसरातली तडा गेलेली दगडी भिंत अभियंत्याला दुरुस्तीयोग्य दिसत होती आणि तिच्याखाली माणसे गमावलेल्या कुटुंबाला ती तशी का दिसत नव्हती, याचे उत्तरही इथेच आहे.

कॉफीच्या टेबलावर

युद्धानंतर लेविन बर्लिन विद्यापीठाच्या मानसशास्त्र संस्थेत शिकवू लागले. तिथे त्यांची व्याख्याने गाजली, पण त्याहून जास्त गाजल्या त्या संस्थेसमोरच्या कॅफेतल्या बैठका. विद्यार्थी आणि प्राध्यापक तासन्‌तास एका टेबलाभोवती बसत. कोणाचाही मुद्दा कोणीही खोडावा, नवख्या विद्यार्थ्याने प्राध्यापकाला अडवावे, याला तिथे मुभा होती. गुरूने सांगायचे आणि शिष्याने लिहून घ्यायचे अशा त्या काळच्या जर्मन विद्यापीठात हे नवलच होते.

अशाच एका बैठकीची गोष्ट मानसशास्त्राच्या इतिहासात सांगितली जाते. वेटरला प्रत्येकाने काय मागवले हे बिल चुकते होईपर्यंत न लिहिता लक्षात राही, पण पैसे दिल्यानंतर थोड्या वेळाने विचारले तर आठवत नसे. लेविन यांच्या विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक यांनी या धर्तीवर प्रयोग केले आणि १९२७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. अर्धवट राहिलेले काम पूर्ण झालेल्या कामापेक्षा मनात जास्त रेंगाळते, हा निष्कर्ष आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. काम हातात घेतले की मनात एक ताण तयार होतो आणि काम संपेपर्यंत तो टिकतो, असे लेविन यांचे म्हणणे होते. यातली महत्त्वाची अट अशी की ते काम माणसाने आपले मानलेले असले पाहिजे. जे आपले नाही, ते अर्धवट राहिले तरी मनाला टोचत नाही.

कामगारांच्या प्रश्नात त्यांना सुरुवातीपासून रस होता. कारखान्यात प्रत्येक हालचालीचा वेळ मोजून काम बसवण्याची टेलर यांची पद्धत तेव्हा जगभर पसरत होती. १९२० मध्ये लेविन यांनी तिच्यावर लिहिले. कार्यक्षमता हवी, पण कामाने माणसाच्या जगण्याला अर्थही दिला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

परतीची वाट बंद

१९३२ मध्ये ते पाहुणे प्राध्यापक म्हणून अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. परतताना जपान आणि रशियामार्गे प्रवास चालू असतानाच बातमी आली की हिटलर जर्मनीचा चॅन्सलर झाला आहे. ज्यू प्राध्यापकाला आता जर्मनीत भवितव्य नव्हते. १९३३ मध्ये त्यांनी पत्नी गेरट्रूड आणि मुलांसह देश सोडला. वय त्रेचाळीसच्या घरात, भाषा परकी, नोकरी तात्पुरती. कॉर्नेल विद्यापीठात त्यांना पहिले काम मिळाले ते लहान मुलांच्या खाण्याच्या सवयींचा अभ्यास करण्याचे. १९३५ मध्ये ते आयोवा विद्यापीठाच्या बालकल्याण संशोधन केंद्रात गेले. त्यांच्या इंग्रजीवरचा जर्मन उच्चारांचा पगडा शेवटपर्यंत गेला नाही, पण त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांचे कोंडाळे इथेही जमले.

आईला जर्मनीच्या तावडीतून बाहेर काढण्याचा त्यांनी खूप प्रयत्न केला. तो फसला आणि नाझींच्या छळछावणीत तिचा अंत झाला. सुशिक्षित, शिस्तप्रिय समाज एका माणसाच्या आज्ञेमागे कसा जातो, हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ अभ्यासाचा राहिला नव्हता.

खोलीत नेता नसताना

आयोवात १९३८ च्या सुमारास त्यांनी रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांच्यासह एक प्रयोग केला. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले. शाळा सुटल्यावर मुखवटे बनवणे वगैरे हस्तकला करायची. प्रत्येक गटाला एक मोठा माणूस नेता म्हणून दिला आणि तीन प्रकारची वागणूक ठरवली. पहिल्या प्रकारात सगळे निर्णय नेता घेणार, पुढची पायरी काय हेही आधी सांगणार नाही. दुसऱ्यात काय करायचे ते मुले चर्चा करून ठरवणार, नेता मदत करणार. तिसऱ्यात नेता फक्त हजर राहणार, सगळे मुलांवर सोडून देणार.

हुकूम देणाऱ्या नेत्याच्या गटात काम होत होते, पण नेता खोलीबाहेर गेला की ते मंदावायचे. या गटांतली मुले एक तर आपापसांत भांडत, एखाद्या दुबळ्या मुलाला सगळे मिळून लक्ष्य करत, नाही तर गप्प आणि निर्जीव होऊन जात. चर्चेने चालणाऱ्या गटात नेता बाहेर गेला तरी काम चालू राही. सगळे सोडून देणाऱ्या गटात मात्र ना काम नीट झाले, ना समाधान मिळाले. हा निकाल अनेकदा विसरला जातो. धाक काढून घेतला की गट आपोआप चांगला चालतो, असे लेविन यांनी कधीच म्हटले नाही. सर्वांनी मिळून ठरवणे हेसुद्धा एक कौशल्य आहे आणि ते शिकवावे लागते.

हे प्रयोग मोजक्या मुलांवर झाले होते आणि त्यांच्या मांडणीवर पुढे टीकाही झाली. तरी गप्प बसलेले मूल स्वभावाने मुखदुर्बळ असतेच असे नाही, गटाची रचना त्याला गप्प करू शकते, ही गोष्ट त्यांनी प्रथमच डोळ्यांपुढे आणली. नेता बदलला की त्याच मुलांचे बोलणे-वागणे बदलत होते.

ताटापर्यंतचा प्रवास

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चांगले मांस सैन्याकडे जाऊ लागले. घरच्या स्वयंपाकात जनावराचे हृदय, गुर्दे असे पौष्टिक पण लोकांना नकोसे वाटणारे भाग वापरले जावेत, अशी सरकारची इच्छा होती. खाण्याच्या सवयींवरील राष्ट्रीय समितीचे काम मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड पाहत होत्या. त्यांनी लेविन यांना सोबत घेतले.

लेविन यांनी आधी पाहिले की अन्न घरातल्या ताटापर्यंत पोहोचते कसे. बाजारातून आणा की परसातून, काय आत येईल हे ठरवणारी एक व्यक्ती दाराशी असते. बहुतेक घरांत ती गृहिणी होती. तिचे मन वळल्याशिवाय बाकी प्रचार व्यर्थ होता. मग रेड क्रॉसच्या स्वयंसेविका असलेल्या गृहिणींचे सहा गट घेतले, प्रत्येकी १३ ते १७ जणींचे. तीन गटांना आहारतज्ज्ञाने उत्तम व्याख्यान दिले, पाककृती वाटल्या. उरलेल्या तीन गटांत तेवढ्याच वेळात चर्चा झाली. आपल्यासारख्या बायकांना हे पदार्थ करण्यात अडचण काय, वास येतो का, नवरा नाक मुरडेल का, असे सगळे बोलून झाल्यावर पुढच्या आठवड्यात कोण करून पाहणार, असे विचारून हात वर करायला सांगितले.

नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी असा पदार्थ नव्याने केला होता. गटात ठरवलेल्यांपैकी ३२ टक्के जणींनी केला होता. बाळंतिणींना बाळासाठी संत्र्याचा रस आणि कॉडलिव्हर तेल द्यायला सांगण्याच्या प्रयोगातही तसेच दिसले. एकेकीला वेगळे बसवून दिलेल्या सल्ल्यापेक्षा सहा-सहा जणींनी मिळून घेतलेला निर्णय जास्त पाळला गेला.

या निष्कर्षालाही पुढे कसोटी लागली. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चर्चा आणि निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या गेल्या. नुसत्या चर्चेने फारसे काही होत नाही, असे आढळले. फरक पडतो तो दोन गोष्टींनी. एक म्हणजे प्रत्येकाने निश्चित निर्णय घेणे. दुसरी म्हणजे बाकीचेही तयार आहेत हे दिसणे. मीटिंग लांबवून उपयोग नाही. ती संपताना कोणी काय करायचे हे ठरले पाहिजे, आणि ते सर्वांसमोर ठरले पाहिजे.

पायजम्यांचा कारखाना

लेविन यांचे मित्र आणि पुढे चरित्रकार झालेले आल्फ्रेड मॅरो यांच्या कुटुंबाची हारवुड ही पायजमे शिवणारी कंपनी होती. १९३९ च्या सुमारास तिचा नवा कारखाना व्हर्जिनिया राज्यातील मॅरियन या डोंगरी गावात उघडला. कामावर आलेल्या बहुतेक बाया कारखान्यात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होत्या. उत्पादन कमी, नोकरी सोडून जाणाऱ्या पुष्कळ. व्यवस्थापकांनी बक्षिसे दिली, तंबी दिली, कशाचाही उपयोग होईना.

लेविन यांनी एकेका बाईवर दबाव टाकणे थांबवायला सांगितले. ठरवून दिलेले उद्दिष्ट गाठणे शक्य आहे, असे या बायकांना वाटतच नव्हते. जवळच्या गावातला एक कारखाना बंद पडला होता, तिथल्या अनुभवी कामगार स्त्रिया कामावर आणल्या गेल्या. त्यांचे काम शेजारच्या यंत्रावर दिसू लागले, तसे नवख्यांचेही उत्पादन वाढले. पुढे लेविन यांचे सहकारी अ‍ॅलेक्स बॅव्हेलस यांनी छोट्या गटांच्या बैठका घेतल्या. एका गटाने आपले उद्दिष्ट स्वतः ठरवले आणि तासाला ७५ नगांवरून ८७ नगांपर्यंत मजल मारली. ज्या गटांत नुसती चर्चा झाली पण काही ठरले नाही, तिथे अशी वाढ झाली नाही.

याच कारखान्यात लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी केलेला प्रयोग सर्वांत बोलका ठरला. कामाच्या पद्धतीत छोटे बदल करायचे होते. एका गटाला बदल का आणि कसा हे व्यवस्थित समजावून सांगितले, पण ठरवले व्यवस्थापनाने. दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी पाठवले. बाकी दोन गटांत सगळ्याच बाया बदल आखण्यात सामील झाल्या. पहिल्या गटाचे उत्पादन घसरले ते सावरलेच नाही, तक्रारी वाढल्या आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के जणींनी काम सोडले. प्रतिनिधींच्या गटाला सावरायला सुमारे दोन आठवडे लागले. सगळ्यांनी मिळून ठरवलेले गट काही दिवसांत सावरले आणि पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्के पुढे गेले. त्यांच्यातली एकही बाई काम सोडून गेली नाही.

या निकालाची दुसरी बाजूही आहे. १९६० मध्ये फ्रेंच यांनीच नॉर्वेतल्या एका कारखान्यातला असा प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हा उत्पादनात विशेष फरक दिसला नाही. कामगारांना विचारले ते किरकोळ बाबींवर. ज्या प्रश्नांवर आपले मत घेतले जाणे त्यांना महत्त्वाचे वाटत होते, ते प्रश्न समोर आलेच नव्हते. मत विचारण्याचा देखावा माणसे लगेच ओळखतात.

लेविन यांच्या विचाराची एक लाट आपल्याकडेही पोहोचली. त्यांच्या केंद्राशी जोडलेल्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतले ए. के. राइस १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत आले. नवे स्वयंचलित माग बसले होते, पण अपेक्षित उत्पादन येत नव्हते. डझनभर प्रकारची कामे माणसांत अशी विभागली होती की कोणत्याही कामगाराला ठराविक मागांचा असा आपला गट नव्हता. ठराविक माग ठराविक माणसांच्या छोट्या गटाकडे देण्याची कल्पना पुढे आली. विणकरांनी ती उचलून धरली आणि आपले गट स्वतःच जुळवले. काही काळाने उत्पादन वाढले, कापडातले दोषही कमी झाले.

आरसा दाखवण्याची रीत

१९४४-४५ मध्ये लेविन यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये गटांच्या अभ्यासाचे संशोधन केंद्र उभे केले. तिथेच बॅव्हेलस यांनी आणि पुढे हॅरॉल्ड लेव्हिट यांनी संवादाच्या रचनेवर प्रयोग केले. पाच माणसांना एक कोडे द्यायचे, पण कोणी कोणाला चिठ्ठी पाठवायची हे बांधून द्यायचे. चाकासारख्या रचनेत सगळ्या चिठ्ठ्या मधल्या माणसाकडे जात. सोपे कोडे लवकर सुटे, पण कडेची चार माणसे कंटाळत. गोलाकार रचनेत प्रत्येक जण शेजाऱ्यांशी बोले. चिठ्ठ्या जास्त लागत, गोंधळ जास्त होई, पण चुका दुरुस्तही जास्त होत आणि माणसे कामावर खूश असत. प्रत्येक निरोप साहेबामार्फतच जाणारे कार्यालय बाहेरून वेगवान दिसते, पण तिथली कडेची माणसे हळूहळू बोलायची का थांबतात, याचे हे छोटे चित्र आहे.

१९४६ च्या उन्हाळ्यात कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन इथे वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्यांचे एक शिबिर झाले. दिवसभर शिबिरार्थी गटांत काम करत आणि रात्री लेविन यांची संशोधक मंडळी बसून त्या दिवशी कोण कसे वागले याची टिपणे वाचत. एका रात्री काही शिबिरार्थींनी आम्हीही बसू का, असे विचारले. सहकारी बिचकले, लेविन यांनी होकार दिला. थोड्याच वेळात एक बाई स्वतःविषयीचे टिपण ऐकून म्हणाली की हे असे घडलेच नाही. वाद झाला, दोन्ही बाजू तपासल्या गेल्या आणि सर्वांना त्यातून काही उमगले. पुढच्या रात्रींना बहुतेक सगळे शिबिरार्थी येऊन बसू लागले. अभियांत्रिकीतला फीडबॅक हा शब्द माणसांच्या वागण्याला लागू झाला तो या काळात. आज कंपन्यांत त्याचा अर्थ वरिष्ठाने कनिष्ठाला सुनावणे असा झाला आहे. त्या रात्रीचा फीडबॅक दोन्ही बाजूंनी होता, चूक टिपण लिहिणाऱ्याचीही असू शकत होती.

हे काम पुढे नेण्यासाठी १९४७ च्या उन्हाळ्यात मेन राज्यातील बेथेल इथे प्रशिक्षण सुरू झाले. ते पाहायला लेविन नव्हते. एकाच वेळी अनेक संस्थांची कामे आणि सततचा प्रवास यांत त्यांनी स्वतःला झोकून दिले होते. फेब्रुवारी १९४७ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ५६.

शिष्यांच्या हातात

त्यांचे विद्यार्थी पुढे मानसशास्त्रातली मोठी नावे झाले. त्यांतल्या लिऑन फेस्टिंगर यांना आपल्या गाजलेल्या सिद्धांताचा धागा सापडला तो भारतातल्या एका भूकंपात. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर ज्या भागांत धक्के जाणवले पण नुकसान झाले नाही, तिथे आणखी भयंकर संकट येणार अशा अफवा पसरल्या होत्या, अशी नोंद जमुना प्रसाद यांनी केली होती. फेस्टिंगर यांनी अर्थ लावला तो असा: भीती मनात होतीच, पण तिला कारण दिसत नव्हते, अफवेने ते पुरवले. घाबरलेल्या गटाला घाबरू नका एवढे सांगून भागत नाही, हे त्यातून कळते.

लेविन यांच्याच परंपरेत घडलेले बिब लताने आणि त्यांचे सहकारी जॉन डार्ली यांनी १९६८ मध्ये प्रतिसादाचा प्रश्न थेट तपासला. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचा आवाज ऐकू येई. आपण एकटेच ऐकतो आहोत असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक वेळेत मदतीला धावले. आणखी चार जण ऐकत आहेत असे वाटल्यावर हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. न धावलेले लोक निर्दय नव्हते, त्यांतले बरेच अस्वस्थ होते. जबाबदारी पाच जणांत वाटली गेली आणि कोणाच्याच वाट्याला पुरेशी आली नाही.

रुग्णालयाच्या वॉर्डात हीच गोष्ट जिवावर बेतू शकते. मॉनिटरचा आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो आणि दुसऱ्या कोणी पाहिले असेल असे प्रत्येकाला वाटते. म्हणूनच आणीबाणीत सर्वांना उद्देशून ओरडण्याऐवजी एकाचे नाव घेऊन काम सांगावे आणि त्याने ते परत उच्चारून कळले असे सांगावे, अशी शिकवण दिली जाते. ऑफिसच्या ग्रुपवरही उपाय तोच. निरोप सर्वांना जावा, पण काम एका नावावर असावे. मीटिंगमध्ये सर्वांत कनिष्ठ माणसाला आधी बोलू द्यावे, म्हणजे साहेबांचे मत ऐकून बाकीचे आपले मत गिळणार नाहीत. आणि ज्यावर मत विचारले, त्यात बदल होण्याची खरोखर शक्यता असावी.

किल्लारीच्या परिसरातल्या संवाद सहाय्यकांनी ही पुस्तके वाचलेली असण्याचे कारण नव्हते. पण गावाला त्या परक्या नव्हत्या. त्यांची स्वतःची घरेही त्याच यादीत होती. एका घराच्या भिंतीत आरपार दगड बसले की शेजारीण येऊन हात लावून पाही आणि मग तिच्या घराचे काम ठरे. मॅरियनमध्ये शेजारच्या यंत्रावरचे काम पाहून नवख्या बायांचा हात उचलला होता, तसेच हे होते.

जानेवारी २००१ मध्ये कच्छ हादरले तेव्हा या भागातल्या काही बायका गुजरातला गेल्या. तिथल्या बायकांसोबत बसून त्यांनी आपल्या गावांनी काय केले, कुठे चुकले आणि कशाचा उपयोग झाला ते सांगितले.